उजव्या घोट्याची मोजदाद

उजव्या पायाच्या आतल्या घोट्याखाली दुखायला लागून आठ महिने झाले, तेव्हा मी एका बायोमेकॅनिक्स प्रयोगशाळेच्या अभ्यासात स्वयंसेवक म्हणून नाव नोंदवले. मी शाळेत पदार्थविज्ञान शिकवते, म्हणजे दिवसातले पाच-सहा तास फळ्यासमोर उभी असते. दुखणे एकाएकी आलेले नव्हते. ना पाय मुरगळला होता, ना मी कुठे पडले होते. आधी ते फक्त शेवटच्या तासाला जाणवायचे, मग जिना उतरताना जाणवू लागले, आणि पुढेपुढे तर सकाळी उठल्यावर पहिली दहा-बारा पावले टाकतानाही. त्या आठ महिन्यांत ज्यांना ज्यांना पाय दाखवला, त्यांनी पावलाकडे एक नजर टाकून एकच कारण सांगितले होते : पाय सपाट आहे, चालताना तो आत कोसळतो, म्हणून दुखते. मलाही ते पटले होते. ओल्या पायाचा ठसा फरशीवर उमटला की माझ्या पावलाचा मधला भाग भरलेला दिसतो, हे मी लहानपणापासून पाहत आले होते. आणि दुखण्याला असे डोळ्यांना दिसणारे कारण मिळाले की पुढे विचारायचे काही उरत नाही. अभ्यासात जाताना माझी अपेक्षा एवढीच होती, की पाय किती कोसळतो ते कोणीतरी अंशांत मोजून हातात देईल.

पहिली भेट प्रश्नांची आणि कागदांची होती. दुखणे तीन महिन्यांहून जुने आहे का, पायावर शस्त्रक्रिया झाली आहे का, मधुमेह किंवा सांधेदाहाचा विकार आहे का, अलीकडे घोट्यात इंजेक्शन घेतले आहे का, अशी विचारपूस झाली. संमतिपत्रात एक वाक्य ठळक छापले होते : हा अभ्यास म्हणजे उपचार नव्हे, आणि त्यातून सहभागी व्यक्तीला आराम पडेलच असे नाही. माझी नोंदणी करणाऱ्या संशोधिकेने ते वाक्य मला मोठ्याने वाचायला लावले आणि त्याचा अर्थ माझ्या शब्दांत सांगायला सांगितला. वर्गात मी मुलांना हेच करायला लावते, त्यामुळे मला थोडी गंमत वाटली. पण पुढच्या तीन महिन्यांत त्या वाक्याची आठवण मला वारंवार करून घ्यावी लागली.

त्यानंतर पायाची ठेवण पाहिली गेली. दोन्ही पायांवर सारखा भार देऊन मी उभी राहिले आणि त्या माझ्याभोवती गुडघ्यांवर बसून फिरत एकेक गोष्ट तपासत गेल्या : घोट्याच्या सांध्यातल्या हाडाचा पुढचा गोल भाग आतून जास्त हाताला लागतो की बाहेरून, बाहेरच्या घोट्याच्या वरची आणि खालची वक्ररेषा कशी आहे, टाच मागून सरळ दिसते की कललेली, पावलाच्या आतल्या कडेला फुगवटा आहे का, कमान किती उंच आहे, आणि मागून पाहिल्यावर चवडा बाहेर किती वळलेला दिसतो. या सहा निकषांना प्रत्येकी उणे दोन ते अधिक दोन गुण द्यायचे असतात, म्हणजे बेरीज उणे १२ ते अधिक १२ यांच्यामध्ये कुठेतरी येते. शून्य ते पाच ही सर्वसाधारण ठेवण, सहापासून पुढे पाऊल आत झुकलेले, आणि दहापासून पुढे फारच झुकलेले. माझ्या उजव्या पायाला सात गुण मिळाले आणि डाव्याला नऊ.

मला वाटले, पायांची अदलाबदल झाली असावी. दुखत होता उजवा. डाव्या पायाने मला आयुष्यात एकदाही त्रास दिला नव्हता. मी तसे म्हटल्यावर त्यांनी कागद उलटा ठेवला, त्यांच्या सहकाऱ्याला बोलावले आणि आधीचे गुण न दाखवता पुन्हा तपासायला सांगितले. त्याची बेरीज आली सात आणि दहा. "डावा पाय जास्त सपाट आहे," तो म्हणाला, "पण तुमची तक्रार उजव्याची आहे ना?" मी मान हलवली. त्याला त्यात काही वावगे वाटलेले दिसले नाही. मला मात्र घरी जाईपर्यंत तेच डोक्यात घोळत राहिले, कारण सपाट असण्यानेच पाय दुखत असेल तर डाव्याने आधी दुखायला हवे होते.

दुसऱ्या भेटीत दुखणाऱ्या जागेचा शोध घेतला गेला. सोनोग्राफीचा प्रोब आतल्या घोट्याच्या मागे टेकवल्यावर पडद्यावर एक लांबट गोल आकृती दिसली. पोटरीच्या खोलातून निघून, आतल्या घोट्याला मागून वळसा घालून, पावलाच्या आतल्या कडेवरच्या नौकाकृती हाडाला आणि तिथून पुढे तळव्यातल्या हाडांना बांधला जाणारा हा स्नायूबंध (टेंडन) आहे, असे मला सांगण्यात आले. पावलाची कमान आतून तोलून धरण्याचे आणि टाच आत वळवण्याचे, म्हणजे पाऊल आत कोसळते त्याच्या उलट दिशेला फिरवण्याचे, मुख्य काम त्याचे असते. डाव्या पायात ती आकृती स्वच्छ आणि करकरीत होती. उजव्या पायात ती जाडसर होती आणि तिच्याभोवती द्रवाची काळी किनार होती. मग एका पायावर उभे राहून टाच उचलायची चाचणी झाली. भिंतीला दोन बोटे टेकवून डाव्या पायावर मी २३ वेळा उठले. उजव्या पायावर सातव्या वेळीच थांबावे लागले, आणि त्या सातांमध्येही टाच वर जाताना आत वळायला हवी तशी वळत नव्हती. ती सरळ वर जात होती आणि शेवटच्या दोन वेळा तर नुसतीच थरथरली.

या सबंध अभ्यासात मला सर्वांत विचार करायला लावला तो पुढच्या अर्ध्या तासाने, आणि त्यात यंत्र एकही नव्हते. मी पाठीवर झोपले. त्यांनी एका हाताची बोटे माझ्या करंगळीच्या मुळाशी बाहेरून हलकेच टेकवली आणि दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने टाचेचा तळ दाबायला सुरुवात केली. टाचेच्या आतल्या कडेजवळ दाबले की पाऊल किंचित आत वळायचे. बाहेरच्या कडेजवळ दाबले की बाहेर, म्हणजे कमान खाली बसते त्या दिशेला. या दोहोंच्या मध्ये कुठेतरी एक जागा अशी असते, की तिथे कितीही दाबले तरी पाऊल कोणत्याच बाजूला वळत नाही. ती जागा सापडली की पेनने ठिपका, मग अंगठा सेंटिमीटरभर पुढे, पुन्हा शोध, पुन्हा ठिपका. असे टाचेपासून चवड्यापर्यंत सात-आठ ठिपके झाल्यावर त्यांनी ते जोडले, आणि तळपायावर एक तिरकी निळी रेघ तयार झाली.

टाचेचे हाड आणि त्याच्यावर बसलेले टेलस नावाचे हाड यांच्यामधल्या सांध्याचा आस तळव्यावर कुठून जातो, ते ती रेघ दाखवते. ही पद्धत केव्हिन कर्बी यांनी १९८७ मध्ये मांडली. आस म्हणजे बिजागरीची काल्पनिक सळई, आणि ही सळई पावलातून आडवीही जात नाही व उभीही नाही. ती मागून-खालून-बाहेरून पुढे-वर-आत अशी तिरपी जाते. जमिनीशी तिचा कल सरासरी ४२ अंशांच्या आसपास धरतात, पण व्हर्न इन्मन यांनी केलेल्या मोजमापांत तो कोणाच्या पायात २० अंश, तर कोणाच्या पायात ६८ अंशांपर्यंत आढळला होता. सरासरीच्या दोन्ही बाजूंना एवढी माणसे विखुरलेली असताना 'पाय असा असायला हवा' हे वाक्य कशाच्या जोरावर उच्चारायचे, हा प्रश्न मला तिथे पडून राहिल्या राहिल्या पडला.

आरसा धरून त्यांनी मला दोन्ही तळवे दाखवले. डाव्या तळव्यावरची रेघ टाचेच्या बाहेरच्या अर्ध्या भागातून निघून अंगठ्याच्या मुळाजवळ पोहोचत होती. उजवीकडची रेघ मात्र आतल्या बाजूला सरकलेली होती आणि अंगठ्याच्या मुळापर्यंत पोहोचण्याआधीच तळव्याची कड ओलांडून बाहेर जात होती. मी ज्या विषयाचे तास घेते त्या विषयाला हे समजायला दोन मिनिटेही लागू नयेत. जमीन पावलाला खालून वर ढकलते. रेघेच्या बाहेर बसलेला रेटा पाऊल एका दिशेला फिरवतो, रेघेच्या आत बसलेला दुसऱ्या दिशेला. उजव्या पायात जवळजवळ सगळा तळवा रेघेच्या बाहेर पडत होता. म्हणजे जमिनीचा बहुतेक रेटा पाऊल आत झोपवणाऱ्या बाजूचा, आणि त्याच्या विरुद्ध ओढणारा जो मुख्य स्नायूबंध, त्याचे आसापासूनचे अंतर मात्र आस आत सरकल्यामुळे कमी झालेले. अंतर कमी झाले की तेवढाच टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, मिळवायला ओढ वाढवावी लागते. दार बिजागरीजवळ ढकलून पाहा, असे मी दर वर्षी मुलांना सांगते. माझा स्वतःचा घोटा गेले आठ महिने बिजागरीजवळ धरूनच दार ढकलत असावा, हे मला सुचले नव्हते. पाय किती हलतो हा माझा प्रश्न तिथे बाजूला पडला, आणि तो जागच्या जागी धरून ठेवायला कोणाला किती ओढावे लागते, हा प्रश्न पुढे आला.

त्यांनी मात्र मला लगेच आवर घातला. ही रेघ हाताने काढलेली आहे, हात बदलला की ती थोडी सरकते. शिवाय पाऊल जमिनीवर टेकून पुढे जात असताना आस एका जागी थांबत नाही. सहकाऱ्याने काढलेली रेघ खरोखरच काही मिलिमीटर बाहेर होती. दोन्ही पायांमधला फरक त्याच्याही हाताला तसाच लागला, तेवढेच आम्ही धरून चालायचे ठरले.

चालण्याच्या चाचणीसाठी वेगळा दिवस होता. नडगी आणि पाऊल स्पिरिटने पुसून त्यांनी दुतर्फी टेपने मण्यांएवढे राखाडी मार्कर चिकटवायला घेतले. हे गोळे इन्फ्रारेड प्रकाश आल्या वाटेने परत फेकतात, आणि खोलीत भोवताली टांगलेले १० कॅमेरे त्यांची जागा सेकंदाला २०० वेळा टिपतात. एका पायाला मार्कर लावायला पाऊण तास लागला, कारण प्रत्येक गोळा हाडाच्या ठरलेल्या उंचवट्यावर बसवायचा आणि तो उंचवटा बोटाने चाचपून शोधायचा. नौकाकृती हाडावरचा मार्कर बसवताना त्यांनी दाबले ती नेमकी माझी दुखरी जागा निघाली. मी "अं" केल्यावर त्यांनी हात काढला, कागदावर वेळ लिहिली, आणि आता दहा मिनिटे थांबू या असे सांगितले, कारण असे दुखावल्यानंतर लगेच चालले तर चाल बदलते.

त्या दहा मिनिटांत मी विचारले, की एवढे गोळे कशाला? उत्तर मला आवडले. पावलात २६ हाडे आणि ३३ सांधे असतात. चाल मोजण्याच्या जुन्या पद्धतींत मात्र पाऊल म्हणजे घोट्याला जोडलेली एक अखंड फळी मानली जायची. अलीकडच्या पद्धतींत टाच, मधला भाग, चवडा आणि अंगठा यांची हालचाल निरनिराळी मोजतात. तरीही कॅमेऱ्याला दिसते ती कातडीची हालचाल, आणि कातडी हाडावरून सरकते. टेलस तर बाहेरून पकडताच येत नाही; त्याला एकही स्नायू जोडलेला नसतो, आणि वरचे व खालचे हाड जसे ढकलतील तसे ते मध्ये फिरते. स्वीडनमध्ये संशोधकांनी सहा स्वयंसेवकांच्या पाय आणि पावलातल्या नऊ हाडांमध्ये स्थानिक भूल देऊन धातूच्या पिना बसवल्या, त्या पिनांवर मार्कर लावले आणि त्यांना चालायला लावले. ते निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. पावलाच्या मधल्या भागातली हाडे समजत होते त्याहून बरीच जास्त हलतात, आणि प्रत्येकाचे पाऊल आपापल्या तऱ्हेने हलते, असे त्यातून दिसले. माझ्या कातडीवरच्या टेपबद्दल त्यानंतर मी कुरकुर केली नाही.

चालायचे होते ते दहा मीटरच्या सरळ पट्टीवर. मध्यावर जमिनीच्या पातळीत दोन फोर्स प्लेट बसवलेल्या होत्या. पाऊल त्यांवर पडले की जमिनीचा रेटा किती, कोणत्या दिशेला आणि तळव्याच्या कोणत्या बिंदूतून लागतो, याची सेकंदाला १००० वेळा नोंद होते. चालण्याच्या रेट्याचा आलेख उंटाच्या दोन वशिंडांसारखा असतो. टाच टेकल्यावर तो वजनाच्या वर चढतो, पाऊल पूर्ण टेकलेले असताना वजनाच्याही खाली उतरतो, आणि चवड्याने मागे ढकलताना पुन्हा वर जातो. हे पुस्तकात मी कित्येकदा पाहिले होते. स्वतःचा आलेख पडद्यावर उमटताना पाहण्यात वेगळीच मजा असते.

पण माझे पहिले अकरा प्रयत्न बाद झाले. प्लेट कुठे आहे हे मला माहीत होते, आणि ज्याला ते माहीत असते तो तिच्यावर नेम धरतो. शेवटच्या दोन पावलांत मी नकळत ढांग आखडती घ्यायची आणि पाय हलकेच ठेवायची. मी तसे करत नाही, असे मी ठामपणे सांगितले. त्यांनी आलेख दाखवला, त्यात पहिले वशिंड बसके होते. शेवटी त्यांनी माझी सुरुवातीची जागा दोन पावले मागे नेली, समोरच्या भिंतीवर अक्षरांचा एक तक्ता लावला आणि चालता चालता तो मोठ्याने वाचायला सांगितले. बाराव्या फेरीपासून पाऊल आपोआप प्लेटवर पडू लागले.

दर पाच फेऱ्यांनंतर प्रश्न यायचा : "शून्य ते दहा, आत्ता किती?" शब्द कायम हेच, सूरही तोच. "जास्त दुखतंय का?" असे त्या कधीच विचारत नसत, कारण त्या प्रश्नात उत्तर आधीच दडलेले असते. सेकंदाला १००० नोंदी घेणाऱ्या खोलीतले हे एकच मोजमाप असे होते, की ज्याचे उपकरण मी स्वतः होते, आणि त्या उपकरणावर माझा मुळीच विश्वास बसत नव्हता. पहिल्यांदा मी चार सांगितले. पुढच्या वेळी चारच सांगणार होते, तेवढ्यात मनात आले की मघाशी सांगितलेले चार बहुधा तीनच होते. मग आताचे चार खरे म्हणजे पाच का? लक्ष घोट्याकडे गेले की आकडा वाढतो, तक्ता वाचण्यात मन गुंतले की उतरतो. वर्गात एखाद्याने असे मोजमाप वहीत लिहून आणले असते तर मी लाल रेघ मारली असती. मी हे बोलून दाखवले, तेव्हा त्या म्हणाल्या, "दुखणं म्हणजे तुम्ही सांगता तेच. त्याच्या मागे लपलेला दुसरा कुठला खरा आकडा नसतो." यावर मी अजूनही पूर्ण समाधानी नाही, पण वाद घालावा असा मुद्दाही मला सापडलेला नाही.

यानंतर बुटांमधून चालण्याची पाळी आली. बुटांना ठिकठिकाणी गोल खिडक्या कापलेल्या होत्या, म्हणजे मार्कर कातडीवरच राहून बाहेर डोकावतील. आत घालायला इन्सोलच्या तीन जोड्या होत्या. तिन्हींवर सारखेच काळे कापड, आणि खाली अनुक्रमे त्रिकोण, वर्तुळ व चौकोन अशा खुणा. कोणत्या खुणेचा अर्थ काय, हे मलाही सांगितले नव्हते आणि दुखण्याचा आकडा विचारणारीलाही. चौकोनाच्या जोडीत कमानीखाली भरीव उंचवटा होता, तो पायाला लगेच कळला; हीच ती उपकारक जोडी, असे मी मनोमन ठरवूनही टाकले. त्रिकोण आणि वर्तुळ मला जवळजवळ सारखे वाटले. तरी आकडे असे निघाले : वर्तुळावर पाच, चौकोनावर तीन, आणि त्रिकोणावर दोन.

हे सगळे काम फुकट गेले. संध्याकाळी नोंदी तपासताना त्यांच्या लक्षात आले, की टाचेवरचा एक मार्कर बुटाच्या खिडकीच्या कडेला घासून निघाला होता आणि मदतनिसाने तो परत चिकटवताना काही मिलिमीटर बाजूला लावला होता. आलेखात माझी टाच मध्येच चार अंशांनी जास्त कललेली दिसत होती. त्यांनी मला फोन करून सरळ सांगितले, की चूक आमची आहे, बुटातल्या सर्व फेऱ्या रद्द कराव्या लागतील आणि तुमची तयारी असेल तरच पुन्हा बोलावू. मला राग आला, आणि मी तो लपवला नाही. पण रात्री विचार करताना वेगळीच गोष्ट टोचत राहिली : ज्या चार अंशांवरून कोणीतरी पाय कोसळतो असे खुशाल सांगून मोकळे झाले असते, ते चार अंश टेपच्या एका तुकड्याने निर्माण केले होते. मी पुढच्या आठवड्यात पुन्हा गेले. त्या वेळी प्रत्येक मार्करभोवती कातडीवर पेनने गोल काढलेला होता.

दुसऱ्या वेळच्या नोंदींचे आलेख मला तिसऱ्या आठवड्यात दाखवले गेले. अनवाणी चालताना उजवी टाच जास्तीत जास्त आठ अंश आत कलत होती, डावी साडेनऊ. दोन्ही पायांच्या हालचालीच्या रेषा एकमेकींवर ठेवल्या, तर कोणती दुखणाऱ्या पायाची हे मला ओळखता येईना. मी अंदाजाने बोट ठेवले ते चुकले. इन्सोलने टाचेच्या हालचालीत फरक पडला तो जेमतेम दीड अंश, म्हणजे एकाच माणसाला दोन वेगळ्या दिवशी मोजले तरी पडावा एवढा. सांध्यावरच्या टॉर्कचा आलेख मात्र बदलला होता. वर्तुळाची जोडी म्हणजे निव्वळ सपाट तुकडा, तुलनेसाठी ठेवलेला. त्रिकोणाच्या जोडीत टाचेखाली आतल्या बाजूला लहानसा उतार होता. त्या उतारामुळे टाचेखालच्या रेट्याचा मध्य थोडा आत सरकला होता, म्हणजे निळ्या रेघेच्या जवळ आला होता, आणि स्नायूबंधाला ज्याच्याविरुद्ध ओढायचे तो टॉर्क कमी झाला होता. टाच जवळजवळ तितकीच हलत होती. तिला धरून ठेवणाऱ्याचे ओझे उतरले होते.

इथेही एक मर्यादा त्यांनी आवर्जून सांगितली. आलेखातला टॉर्क हा सांध्यावरचा निव्वळ टॉर्क असतो. त्यातला किती वाटा कोणत्या स्नायूबंधाने उचलला, हे त्यावरून थेट कळत नाही. ते मोजायचे तर स्नायूबंधावरच मापक बसवावा लागेल. फिनलंडचे पावो कोमी यांनी तसे खरोखर केले होते : स्वयंसेवकांच्या टाचेमागच्या स्नायूबंधावर शस्त्रक्रियेने मापक बसवून त्यांना धावायला लावले, आणि तिथला ताण शरीराच्या वजनाच्या साडेबारा पटींपर्यंत गेलेला नोंदवला. माझ्या घोट्यात तसे काही बसवायचे नव्हते, हे ऐकून मला बरे वाटले.

पावलाच्या क्षेत्रात गेल्या पन्नासेक वर्षांत झालेला वाद मला याच बैठकीत नीट समजला. १९७० च्या दशकात मर्टन रूट आणि सहकाऱ्यांनी पावलाची एक आदर्श ठेवण मांडली. तिच्यापासून ढळलेले पाऊल सदोष आणि ते आदर्शाकडे आणणे म्हणजे उपचार, असा तो विचार होता. मला आठ महिने जे सांगितले जात होते त्याचे मूळ तिथे होते. पुढे १९९५ मध्ये थॉमस मॅकपॉइल आणि गॅरी हंट यांनी सुचवले, की ठेवणीपेक्षा कोणत्या ऊतीवर तिला सोसवेल त्याहून जास्त भार पडतो आहे ते शोधावे आणि तो भार हलका करावा. मला हा दुसरा विचार जास्त पटतो, आणि तो काही माझ्या विषयाच्या अभिमानाने नव्हे. पहिल्या विचाराला माझ्या डाव्या पायाचे उत्तर देता येत नाही.

पुढचे १२ आठवडे घरी काढायचे होते. त्रिकोणाची जोडी रोज, आणि एक दिवसाआड व्यायाम : रबरी पट्टा पावलाला अडकवून ते आत ओढायचे आणि ओढण्यापेक्षाही सावकाश परत सोडायचे, आणि टाचा उचलायच्या, आधी दोन्ही पायांवर आणि जमेल तेव्हा एकावर. व्यायामात दुखले तर चालेल, पण दहापैकी पाचाच्या वर जाऊ द्यायचे नाही आणि दुसऱ्या सकाळपर्यंत ते मूळ पातळीवर यायला हवे. न आले तर पुढच्या वेळी भार कमी करायचा. रोज रात्री वहीत आकडा लिहायचा. चौथ्या आठवड्यापर्यंत आकडे उतरत गेले, आणि मग परीक्षांच्या पर्यवेक्षणाचे सहा दिवस आले. तीन-तीन तास वर्गात फेऱ्या मारून संध्याकाळी आकडा सहावर गेला. मी व्यायाम सोडून दिला आणि फोनवर तसे सांगितले. व्यायाम थांबवायला नको होता, पर्यवेक्षणाच्या दिवसांत फक्त निम्मा करायला हवा होता, असे उत्तर मिळाले. स्नायूबंधाला भार नकोच असे नसते, त्याला सोसवेल तेवढा भार नियमाने मिळावा लागतो. सातव्या आठवड्यात गाडी पुन्हा रुळावर आली.

शेवटच्या भेटीत सगळी मोजणी पहिल्यापासून झाली. उजव्या पायावर मी १९ वेळा टाच उचलली, आणि त्यातल्या बहुतेक वेळा टाच वर जाताना आत वळली. स्नायूबंध सोनोग्राफीत अजून जाडसरच होता, पण भोवतालची काळी किनार जवळजवळ नाहीशी झाली होती. अनवाणी चालतानाचा दुखण्याचा आकडा एक होता. मी दोन सांगावे की एक, याचा नेहमीप्रमाणे बराच विचार करून. टाच जास्तीत जास्त कलत होती आठ अंश, म्हणजे तीन महिन्यांपूर्वी होती तेवढीच. यात उताराचा वाटा किती, व्यायामाचा किती आणि नुसत्या उलटलेल्या दिवसांचा किती, असे मी विचारले. एका माणसाच्या नोंदींवरून ते वेगळे काढता येत नाही, त्यासाठीच इतके सहभागी लागतात, असे त्या म्हणाल्या, आणि माझ्या फायलीवरच्या नावाच्या जागी क्रमांक घातला गेला.

निघण्यापूर्वी सहकाऱ्याने पुन्हा एकदा सहा निकषांवर दोन्ही पाय तपासले, जुने गुण न पाहता. उजव्याला सात मिळाले. डाव्याला या वेळी नऊ, आणि त्याच्यापुढच्या तक्रारीच्या रकान्यात त्याने पहिल्या भेटीसारखेच 'नाही' लिहिले.